मिस्त्रीचं तोरण

ढोरदवणा गुरं खात नाहीत.

*

महिपत तांडेलाची एक वहाण दोन दिवस अंगणात विसरली, तर तिच्यात कोंबडीने अंडं घातलं.

*

सिंगापूर, डर्बन, कार्डिफ, पुन्हा सिंगापूर. चार पत्रं, आणि चारही पत्रांत एकच वाक्य : आईस सांगणे, काळजी नसावी.

*

मथुराकाकीने एका माणसाला एकवीस वर्षं शिव्या दिल्या. तो गेला तेव्हा तिने महिनाभर मासे खाल्ले नाहीत.

*

मांडवीत सणाला सगळ्या दारांवर आंब्याची पानं असतात. एका दारावर बारा महिने बांबूच्या काड्या.

*

सन एकोणीसशे एकोणतीस. होळीला अकरा दिवस होते, आणि गंगुबाईने जाहीर केलं की होळीच्या आदल्या दिवशी ती डबा खाडीत सोडणार.

*

हे तिने जेवताना सांगितलं. पानात कुळथाची पिठी आणि भात. तिच्या सुनेचा, सगुणाचा, घास हातातच राहिला.

"कुठला डबा, आत्याबाई?"

"घरात असे डबे किती हायत? तोच. आणि तोंड मीट, माशी जाईल."

डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा. त्यात ढोरदवण्याच्या पानांचा कापूस, एक छोटी सुरी, उदबत्त्यांचा पुडा आणि तीन खाचांची एक बांबूची काडी. एवढ्या ऐवजावर ते घर चाळीस वर्षं मांडवीचे गुडघे, कंबरा, पोटं आणि बाळंतिणी सांभाळत आलं होतं. निदान पहिली तीस वर्षं तरी.

"पण का?" सगुणाने विचारलं.

"दुपारी बघितलंस ना महिपतला?"

सगुणाने बघितलं होतं.

*

दुपारी असं झालं होतं. महिपत तांडेल एवढा उंच की कुणाच्याही घरात शिरताना वाकायचा. आज तो वाकलेलाच आला आणि आत आल्यावरही सरळ झाला नाही. पंधरा दिवसांपूर्वी मचव्यावरून जाळं ओढताना कंबरेत काहीतरी कट् झालं होतं, तेव्हापासून हे असं. आजची त्याची तिसरी खेप.

"कसं काय रे आता?" गंगुबाईने विचारलं.

"बराच फरक हाय, काकी," महिपत जमिनीला म्हणाला.

"म्हणजे किती?"

"पयलं मला माझी पायाची बोटं दिसत होती. आता पण दिसतात... पण लांबून."

गंगुबाईने त्याला चटईवर पालथा घातला. डब्यातली काडी कण्यापासून बाजूला धरली, दीड खाच मोजली, तिथे आल्याची चकती ठेवली, चकतीवर कापसाची वाटाण्याएवढी गोळी, आणि उदबत्तीने पेटवली. धुराची बारीक रेघ आढ्याकडे निघाली.

"ऊब लागते काय?"

"लागते की! झकास लागते."

"कुठं?"

महिपतने जरा विचार केला. "सगळीकडं," तो म्हणाला.

तो गेल्यावर गंगुबाई दारात येऊन उभी राहिली. आपल्याकडे कुणी बघत नाही अशा समजुतीने महिपत पाखाडीच्या पायऱ्या चढत होता : दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि चाल आडवी, कुर्लीसारखी. शिमग्यातल्या भैरीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा चौदा वर्षं त्याचा होता. पालखी त्याच्याशिवाय नाचलेली कुणाला आठवत नव्हती.

गंगुबाई दारातून वळली. आत आली, सुरी पुसली, डब्याचं झाकण लावलं. एरवी ती झाकण नुसतं ठेवायची. आज दाबून लावलं.

*

ताम मिस्त्री तिचा नवरा. चीनचा. बोटीवरचा सुतार.

सत्त्याऐंशी साली त्याची बोट मांडवीसमोर नांगर टाकून होती आणि तो तापाने फणफणला होता. त्याला होडीत घालून किनाऱ्यावर आणलं, आणि बोट त्याला न घेताच गेली. ताप उतरल्यावर त्याने समुद्राकडे बघितलं, तर बोट नाही. मग वाळूकडे बघितलं, तर तिथे एक फुटका पडाव. कुणी काही सांगायच्या आत तो त्याला फळी मारायला बसला. आणि राहिलाच.

दोन वर्षांनी त्याने गंगुबाईशी लग्न केलं तेव्हा वाडीत बैठक बसली. घर वाळीत टाकायचं ठरलं. पण बैठकीतला मुख्य जो सखाराम, त्याची त्याच आठवड्यात मान धरली. डावीकडे वळेना. तीन दिवस त्याने सगळ्या जगाकडे उजवीकडूनच बघितलं, आणि चौथ्या दिवशी तो मिस्त्रीच्या चटईवर पालथा दिसला. त्याला बघायला अख्खी वाडी जमली. वाळीत टाकायचं मग राहून गेलं.

मिस्त्रीला जे येत होतं ते त्याच्या बापाने त्याला दिलेलं, बापाला आज्याने. पानं वाळवायची, कांडायची, चाळायची, पुन्हा कांडायची. हिरवा कचरा गळून जातो आणि मऊ कापूस उरतो. त्याची ऊब अंगावरच्या नेमक्या जागी द्यायची आणि भाजायच्या आत चकती उचलायची. चीनमधल्या झाडाचा भाऊ त्याला इथे कड्याच्या बाजूला सापडला, तो ढोरदवणा. गुरंसुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत त्याला हा माणूस मिठी मारून घरी आणतो, म्हणून लोक हसले होते.

सगळी विद्या जागेत. जागा चुकली तर नुसतं आलं भाजलं.

जागांना त्याने सुताराची नावं दिली होती. कंबरेच्या दोन बाजूंना 'बिजागऱ्या'. मनगटाजवळ 'खुंटी'. गुडघ्याखालच्या जागेचं नाव मात्र त्याच्या आज्याचंच, फक्त मराठी केलेलं : 'तीन कोस'. तिथे ऊब दिली की दमलेला माणूस आणखी तीन कोस चालतो.

शिकणाऱ्याने पहिली ऊब स्वतःच्या अंगावर घ्यायची असा त्यांच्या घराचा नियम होता. मुलगा हरिश्चंद्र चौदा वर्षांचा झाला तेव्हा मिस्त्रीने त्याच्या 'तीन कोस'वर चकती ठेवली. गोळी नीट पेटायच्या आत पोरगा भाट्याच्या खाडीपलीकडे होता. पुढे तो बोटीवर खलाशी लागला आणि अजून चालतोच आहे.

म्हणून मिस्त्रीने ते बायकोला दिलं, सगळ्या जागा तिच्याच अंगावर दाखवून. एकोणीसशे एकोणीसात तो गेला, आणि मागे गंगुबाई, चटई आणि डबा राहिला.

*

"त्याच्या हाताला गुण होता," गंगुबाई पिठी भुरकत म्हणाली. "माझ्या हातात नुसता धूर. दहा वर्षं मी हेच बघतेय. एखाद्या ठेंगण्या बाईला बरं वाटतं, की मी खूश. मग कोणतरी दांडगा गडी येतो आणि कुर्लीसारखा परत जातो. असलं रिकामं भांडं मी तुझ्या हातात द्यायची नाय. लोक तुला हसतील. मला हसतात ते पुरे."

"मी मागितलं कुठं?"

"सात वर्षं कांडतेस तू तो कापूस. मला काय दिसत नाय?"

सगुणाने खरंच मागितलं नव्हतं. पण हवं होतं, आणि तेही कसं, तर मुलाला दुसऱ्याच्या हातातला आंबा हवा असतो तसं. तीन वर्षांपूर्वी कमळाच्या वेळी पोटात पोर आडवं होतं. सुईण हात झटकून बसली होती. तेव्हा गंगुबाईने सगुणाच्या पायाच्या करंगळीच्या नखाशी, अगदी कोपऱ्यावर, ऊब दिली. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी कमळा आत वळली. झोपेत माणूस कुशी बदलतो तशी, सावकाश, आईच्या पोटाला धक्का न लावता. तो वळसा सगुणाच्या आत अजून होता. असं दुसऱ्या कुणाच्या पोटात आपल्याला करता यावं, एवढंच तिचं मागणं, आणि ते आता दहा दिवसांनी खाडीत बुडणार होतं.

त्या दिवशी भांडी घासताना तिच्या मनात एक गोष्ट आली आणि राखेच्या हातांनी ती तशीच बसून राहिली. करंगळीच्या नखाशी गुण आला. नखाच्या कोपऱ्याला काडी लावावी लागत नाही; कोपरा नखालाच असतो. आणि काल पोट दुखतं म्हणून आलेल्या पोराच्या बेंबीवर गुण आला. बेंबीही शोधावी लागत नाही.

काडी लागते तिथेच बिघडत होतं.

*

शिमग्याआधी घर झाडायचं. दुसऱ्या दिवशी सगुणाने दारावरचं तोरण उतरवलं.

हे तोरण म्हणजे काथ्यात ओवलेल्या शेदीडशे काड्या. मिस्त्री असताना त्या दारामागे खिळ्याला नुसत्या लटकत. तो गेल्यावर गंगुबाईने त्या ओवून चौकटीला बांधल्या. चीन देशात दाराला असंच बांधत असतील, दृष्ट लागत नसेल, असं तिला वाटलं. मग घराला वाटलं. मग वाडीला. दिवाळीला तोरणाला हळदकुंकू लागे. वाऱ्यावर काड्या खडखडत आणि कमळा त्या आवाजाने झोपे.

सगुणा ओटीवर बसून एकेक काडी पुसत होती. दहा वर्षांचं हळदकुंकू निघत गेलं आणि खाली काय काय दिसू लागलं. प्रत्येक काडीला तीन खाचा. कुठल्याही दोन काड्या सारख्या लांबीच्या नाहीत. आणि पाठीमागे तापल्या सळईने काढलेली एकेक खूण : मासा, छत्री, कोयता, मांजर, मिरची.

"विरजण हाय काय गो जरा?" म्हणत शेजारची मथुराकाकी वाटी घेऊन आली आणि पायरीवरच थबकली. "अगो बाय! ही माझी!"

"तुमची कशी, काकी?"

"मिरची बघ ना! मी तोंडाची तिखट, म्हणून मेल्यान मिरची काढलीन. माझा अंगठा धरलान, अस्सा, आणि त्याला लावून काडी कापलीन. चांगला घट्ट धरलान हो. मी म्हटलं, काय रे मिस्त्र्या, लग्न लावतोस काय? तर हसलान. त्याला मराठी कळायचं नाय असं नाय. नको तेव्हा कळायचं नाय."

सगुणाच्या हातातलं फडकं खाली पडलं. "सगळ्यांचाच अंगठा धरायचे?"

"सगळ्यांचा! सखारामाचा धरलान. तुझ्या नवऱ्याचा धरलान. चटईवर माणूस आला की आधी अंगठा. आम्ही म्हणायचो, सुतार माणूस, हाताला चाळा लागतो. कापू दे बापड्याला काड्या."

"काकी, इकडे द्या अंगठा."

"आता तू लग्न लावतेस?"

पण दिला. सगुणाने मिरचीची काडी त्यावर ठेवली. मथुराकाकीचा अंगठा आडवा एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत बरोबर बसला. ना केसभर आत, ना बाहेर. सगुणाने पुन्हा ठेवून बघितला. मग छत्रीच्या काडीवर ठेवला, तर बाहेर आला.

"काय बघतेस?"

"बसा," सगुणा म्हणाली. "विरजण आत आहे. तुमचं तुम्ही घ्या." आणि आत पळाली.

*

गंगुबाई दुपारची पडली होती. उजवा हात उशाशी, पंजा उघडा. सगुणाने डबा उघडला, तीन खाचांची काडी काढली, सासूच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि श्वास रोखून काडी तिच्या अंगठ्यावर टेकवली.

बरोबर बसला.

"काय मोजतेस?" गंगुबाई डोळे मिटूनच म्हणाली. "लाकडं किती लागतील ते?"

"आत्याबाई, ही काडी कुठे मिळाली तुम्हाला?"

"माहीत नाय तुला? त्याच्या बंडीच्या खिशात. गेला तेव्हा. फडक्यात बांधून ठेवलीन होती. एवढी जपून ठेवतो म्हणजे खरं माप तेच, नाय काय? बाकीच्या त्या दाराला टांगलेल्या."

"ते खरं माप नाही," सगुणा म्हणाली. तिला हसू फुटत होतं. "माप असं नसतंच. प्रत्येकाच्या अंगावरची जागा त्याच्याच अंगठ्याने मोजायची. मोठ्या माणसाचं मोठं, लहानाचं लहान. ते तोरण नाही, आत्याबाई. ती माणसं आहेत. मथुराकाकीसुद्धा आहे त्यात. आणि ही काडी तुमची आहे."

गंगुबाई उठून बसली. काडी हातात घेतली. स्वतःचा अंगठा दोन खाचांमध्ये ठेवला, काढला, ठेवला. मग काडी उलटी केली. मागे एक गोल होता.

"मला वाटायचं चिनी अक्षर," ती म्हणाली.

"बांगडी असेल."

"बांगडी कसली! भाकरी ती. वाळूत ताप उतरून बसला होता तेव्हा मी त्याला भाकरी दिली होती. अर्धी करपलेली." तिने गोलाच्या एका कडेला बोट लावलं. ती कड जास्त जाळलेली होती. "हे बघ. करपलेलीसुद्धा काढलीन, चोरान."

आणि मग गंगुबाईला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. "दहा वर्षं गो! दहा वर्षं मी अख्खी मांडवी माझ्या अंगठ्यान मोजली!" तिचा अंबाडा सुटला. "त्या परटिणीला मात्र गुण आला बघ! ती माझ्याएवढी! आणि महिपत, तो डोंगर, त्याला मी..." तिला पुढे बोलवेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते कशाचं हे तिचं तिलाही ठरवता येईना. विरजणाची वाटी घेऊन मथुराकाकी धावत आत आली, कोण गेलं म्हणून. तिला सांगितल्यावर तीही बसली आणि विरजण जमिनीवर सांडलं.

"माझ्या हाताला काय झालं नव्हतं," गंगुबाई शेवटी पदराने तोंड पुसत म्हणाली. तिने आपले हात उलटेसुलटे करून बघितले, नवीन मिळाल्यासारखे. "हात बरा होता माझा."

*

मग ती म्हणाली, "हात पुढे कर."

सगुणाने केला. गंगुबाईने तिचा अंगठा धरला. घट्ट धरला, आता तिला आठवलं होतं की तिचाही असाच धरला होता. परड्यातल्या बांबूची चोय काढली, खुणा केल्या, सुरीने तीन खाचा पाडल्या.

"तुला खूण काय काढू? उखळ काढते. सात वर्षं कांडलंस."

सळई चुलीत तापली आणि बांबूवर उखळ उमटलं. जरा वाकडं; गंगुबाई काही सुतार नव्हती.

"आता पाय. मला फसवून तू खाडीपलीकडे जायची नायस ना?"

"मला पोहता येत नाही."

गुडघ्याच्या वाटीखाली सगुणाच्या काडीने तीन खाचा, नडगीच्या हाडाला लागून बाहेर एक. 'तीन कोस'. चकती, गोळी, उदबत्ती. सगुणाने दात आवळले होते, पण त्याची गरज लागलीच नाही. ऊब आधी चामडीवर बसली. मग आत उतरली. मग वाट माहीत असल्यासारखी नडगीवरून खाली निघाली, घोट्याला वळसा घालून थेट दुसऱ्या बोटापर्यंत. सगुणा आपल्या पायाकडे बघत राहिली. तिथे काहीच दिसत नव्हतं.

"चालतेय," ती म्हणाली.

"कुठवर?"

"बोटापर्यंत."

"मग जागा तीच," गंगुबाई म्हणाली. "दुसरं काय शिकायचं नसतं. हे कळलं की बाकी सगळं पाठांतर."

*

महिपतला निरोप गेला. तो आला, आडवा.

"तांडेला, अंगठा," गंगुबाई म्हणाली.

"कागद कसला हाय?" महिपतने घाबरून विचारलं. अंगठा मागितला की तो उठवायचा असतो, एवढंच त्याला माहीत होतं.

"कागद नाय. आण."

त्याचा अंगठा म्हणजे एक लहानसं केळं. सगुणाने काडी कापली. ती गंगुबाईच्या काडीशेजारी धरली तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा हसायला लागल्या आणि महिपत जास्तच घाबरला.

पालथा पडल्यावर गंगुबाई बाजूला सरकली. "तू कर," ती म्हणाली.

सगुणाने बेंबीच्या समोरचा कण्याचा मणका शोधला. तिथून नव्या काडीने दीड खाच. तिचं बोट जिथे टेकलं ती जागा आधीच्या तिन्ही खेपांच्या जागेपासून चांगलं बोटभर बाहेर होती. तिने दाबलं.

"आई गं!" महिपत ओरडला. "हेच! हेच ते! हे कुठं होतं इतके दिवस?"

"इथंच होतं, महिपतभावजी," सगुणा म्हणाली. "आम्ही शेजारच्या घरात जात होतो."

गोळी पेटली. महिपतने गाल चटईला टेकला. त्याचा आवाज बदलला. "काकी, पाणी सोडल्यासारखं वाटतंय गो. मांडीतून खाली."

"आणि आधी बराच फरक हाय म्हणालास, तो?"

"तो खोटा होता, काकी."

"मेल्या! तुझ्या त्या फरकापायी मी डबा बुडवायला निघाले होते!"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून म्हटलं."

"मला वाईट वाटेल म्हणून तू वाकडा राहणार होतास?"

महिपतने चटईत तोंड खुपसलं. "दुसरं काय करू?" तो म्हणाला.

एका दिवसात काही झालं नाही. पहिल्या दिवशी तो कमी आडवा गेला. तिसऱ्या दिवशी पाखाडी हात न टेकता चढला. आठव्या दिवशी चटईवरून उठला, ताठ झाला, आणि चालायला लागला तो सरळ जाऊन दाराच्या चौकटीवर आपटला. वाकायची सवय पार सुटली होती. कपाळाला टेंगूळ आलं. गंगुबाई त्या टेंगळाकडे एखाद्या दागिन्याकडे बघावं तशी बघत होती.

*

होळीच्या आदल्या दिवशी मथुराकाकी मुद्दाम आली.

"काय गो गंगू, खाडीवर कधी जायचं? ओहोटी चारला हाय."

"कशाला?"

"डबा बुडवायला. अख्ख्या वाडीला सांगितलंस की!"

गंगुबाईने डबा आणला. सगुणा दळत होती, तिच्या मांडीवर ठेवला. पिठाच्या हातांनी सगुणाने तो धरला.

"हा तुझा. कमळा मोठी झाली की तिचा. तिला नको असला तर ज्याला हवा त्याचा, पण पहिली ऊब त्याच्या स्वतःच्या पायावर." मग मथुराकाकीकडे वळून, "चल, जाऊ खाडीवर. कालवं मिळतात काय बघू."

जाताना तिने आपली काडी डब्यातून काढून घेतली आणि चोळीत खोचली.

*

पालखी आली तेव्हा ढोलांनी मांडवीच्या भिंती थरथरत होत्या. महिपतचा उजवा खांदा दांड्याखाली होता. पालखी वर गेली, खाली आली, गोल फिरली, गुलाल उडाला, सखारामसुद्धा सत्तरी उलटलेली मान दोन्हीकडे हलवून नाचला. गंगुबाई हात जोडून उभी होती. सगळ्यांना वाटलं ती देवाकडे बघतेय.

"कंबर बघ," ती सगुणाच्या कानात ओरडली. "कशी चालतेय बघ!"

"आत्याबाई, नमस्कार तरी करा!"

"करतेय की! कंबरेलाच करतेय!"

*

सगुणाचं पत्र, सिंगापूरच्या पत्त्यावर :

... तर आपली काडी तोरणात सापडली. तीवर मामंजींनी पळणारा पाय काढला आहे. आपण चौदा वर्षांचे असतानाची असल्याने आता उपयोगाची नाही. नवी करावी लागेल. आत्याबाई म्हणतात, पळू नये. मी शिकते आहे. कमळा बरी आहे.

हरिश्चंद्राचं उत्तर, तीन महिन्यांनी :

अंगठा टपालाने पाठवता येत नाही. येईन तेव्हा धर.

*

तो एकतीसच्या मेमध्ये आला. ओटीवर, सगळ्यांच्या देखत, बायकोने नवऱ्याचा अंगठा धरला आणि तो लाजला. खांद्याचं दुखणं घेऊन आला होता, खांदा घेऊन गेला, दुखणं ठेवून गेला.

छत्तीस साली तोरणाच्या दोन ओळी झाल्या होत्या. आता दिवाळीला त्याला हळदकुंकू लागत नसे. काड्या वाचता याव्या लागत. ओळखीचं माणूस आलं की कमळा स्टुलावर चढून त्याची काडी शोधून आणायची. दहा वर्षांची होती. नवं माणूस आलं की आधी त्याचा अंगठा धरायची, घट्ट, आणि त्याच्याकडे निरखून बघत विचारायची, "तुमची खूण काय काढू?" माणसं विचारात पडत. कुणी म्हणे नारळ, कुणी म्हणे होडी. मथुराकाकीची सून म्हणाली, काहीही काढ पण मिरची नको.

तिच्या पहिल्या उबेच्या दिवशी गंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. नजर गेली होती, म्हणून कमळाचा गुडघा तिने हाताने चाचपला, सगुणाने ठेवलेली चकती बोटाने तपासली आणि मान हलवली. सगुणाने उदबत्ती पुढे केली. कमळाने डोळे मिटले नाहीत.

"चालतेय काय गो?" गंगुबाईने विचारलं.

"थांब ना आजी," कमळा म्हणाली. "आत्ता कुठं घोट्याजवळ आलीय."

*

ताम मिस्त्री गेला तो मंगळवार होता. सकाळी त्याने मथुराकाकीच्या शिव्या खात तिच्या गोठ्याचं दार बसवून दिलं होतं.